झाकण मिटल्यावर लॅपटॉपमधले नेमके काय झोपते?

मोडीवाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

मी मोडी कागदपत्रांच्या लिप्यंतराचे काम करतो. एका बाजूला दस्तऐवजाचे छायाचित्र, दुसऱ्या बाजूला देवनागरी मजकूर, खाली शब्दसूची आणि शेजारी दोन-तीन संदर्भ अशा दहा-बारा खिडक्या मला सतत उघड्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे काम थांबवताना संगणक बंद न करता नुसते झाकण मिटून ठेवायचे, ही सवय मला गेल्या दहा वर्षांत लागली आहे. २०१४ साली घेतलेला माझा जुना लॅपटॉप या बाबतीत अतिशय भरवशाचा होता. शुक्रवारी रात्री मिटलेला लॅपटॉप सोमवारी सकाळी उघडला तरी निम्म्याहून अधिक बॅटरी शिल्लक असे आणि सर्व खिडक्या होत्या तशा समोर येत.

२०२२ साली घेतलेल्या नव्या लॅपटॉपबाबत मात्र माझा अनुभव वेगळा आहे. त्यात १६ जीबी रॅम, इंटेलचा प्रोसेसर आणि ५० वॅट-तासांची बॅटरी असून जुन्याप्रमाणेच मी त्यावरही उबुंटू ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो. परवा रात्री दहा वाजता पूर्ण चार्ज करून झाकण मिटले आणि सकाळी सहा वाजता उघडले, तेव्हा बॅटरी ६४ टक्क्यांवर आली होती. त्याहून काळजीची गोष्ट गेल्या आठवड्यात घडली. साताऱ्याहून पुण्याला एसटीने जाताना पिशवीतून पंख्याचा आवाज येऊ लागला, म्हणून लॅपटॉप बाहेर काढला तर तो हात लावता येणार नाही इतका तापला होता.

एकाच ऑपरेटिंग सिस्टिमची ‘झोप’ दोन यंत्रांवर इतकी वेगळी कशी असू शकते? झाकण मिटल्यानंतर आत नेमके काय घडते, हे मला मुळातून समजून घ्यायचे आहे, कारण ते कळल्याशिवाय इंटरनेटवर सापडणाऱ्या आज्ञा आंधळेपणाने चालवण्याची माझी तयारी नाही.

गाभारा यांचे उत्तर

आपण जे दोन प्रसंग सांगितले आहेत, ते माझ्या मते दोन वेगळे दोष आहेत. रात्रभरात ३६ टक्के म्हणजे सुमारे १८ वॅट-तास खर्च झाले, म्हणजेच लॅपटॉप सरासरी सव्वादोन वॅट वापरत होता. हा झोपलेल्या पण गाढ न झोपलेल्या यंत्राचा आकडा आहे. पिशवीत पंखा फिरत होता, याचा अर्थ मात्र त्या वेळी लॅपटॉप झोपलाच नव्हता किंवा मध्येच जागा झाला होता. दोन्हींचा शोध वेगवेगळा घ्यावा लागेल, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही व्यवस्था आणली. तिच्यात वीज वाचवण्याचा बराचसा कारभार फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच साठवलेल्या बायोस या मूळ प्रोग्रामकडे असे आणि कोणता प्रोग्राम काय करत आहे याची बायोसला काहीच कल्पना नसे. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे प्रमाण प्रसिद्ध केले. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचा आणि त्यासाठी लागणारी माहिती फर्मवेअरने तक्त्यांच्या रूपात पुरवायची, अशी विभागणी त्याने केली. त्यातच एस-० ते एस-५ या अवस्था ठरल्या. एस-० म्हणजे जागेपण, एस-३ म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘स्लीप’ म्हणत आलो ती अवस्था, एस-४ म्हणजे हायबरनेशन (रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून बंद होणे) आणि एस-५ म्हणजे बंद. एस-१ आणि एस-२ यांचा आज व्यवहारात फारसा संबंध येत नाही.

आपल्या जुन्या लॅपटॉपचा विश्वासूपणा हा एस-३ चा गुण होता. या अवस्थेत प्रोसेसरची वीज जाते, बहुतेक उपकरणांची वीज जाते आणि जवळजवळ फक्त रॅम जिवंत राहते. रॅममधील प्रत्येक बिट हा एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असल्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. एस-३ मध्ये जाताना रॅमला ‘सेल्फ-रिफ्रेश’ या स्थितीत टाकले जाते, म्हणजे हे भरण्याचे काम रॅमच्या चिप स्वतःच करू लागतात. जागे होताना प्रोसेसर नव्याने चालू झाल्यासारखा सुरू होतो, फर्मवेअर रॅमचा नियंत्रक पुन्हा मार्गी लावते आणि झोपण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिमने एसीपीआयच्या तक्त्यात लिहून ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारते. तिथून पुढे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा केंद्रीय भाग, सूत्रे हाती घेतो.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणि २०१५ साली विंडोज १० बरोबर ‘मॉडर्न स्टँडबाय’ ही वेगळी कल्पना आली. मोबाइल फोन जसा पडदा बंद असतानाही संदेश घेतो आणि बोट लावताच जागा होतो, तसे लॅपटॉपने वागावे, असा तिचा हेतू होता. या पद्धतीत यंत्र औपचारिकदृष्ट्या एस-० मध्येच राहते आणि त्या अवस्थेतच जास्तीत जास्त भाग निष्क्रिय केले जातात. ही पद्धत रुळल्यावर अनेक नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून एस-३ काढून टाकले गेले. फर्मवेअरच्या तक्त्यात जी अवस्था नाही, ती कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःहून निर्माण करू शकत नाही. लिनक्समध्ये या नव्या प्रकाराला ‘एस-टू-आयडल’ आणि एस-३ ला ‘डीप’ म्हणतात.

या दोहोंमधील फरकाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. एस-३ मध्ये वीज प्रत्यक्ष तोडली जात असे, त्यामुळे एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, निष्काळजीपणे लिहिलेला असला, तरी ते उपकरण बहुधा इतरांबरोबर बंद होऊन जाई. एस-टू-आयडलमध्ये असे सरसकट वीज तोडणारे कोणी नसते. प्रत्येक ड्रायव्हरने आपापले उपकरण सर्वांत खालच्या वीजपातळीवर नेऊन ठेवले, तरच प्रोसेसर आणि चिपसेट मिळून सर्वांत खोल अवस्थेत उतरतात. एकाच उपकरणाने ‘मला अजून वीज लागणार आहे’ अशी नोंद कायम ठेवली, तरी सगळे यंत्र वरच्या पायरीवर अडकते, आणि बाहेरून मात्र पडदा काळा, दिवा मंद आणि सर्व काही ठीक असल्यासारखे दिसते.

आता झाकण मिटल्यानंतरचा क्रम सांगतो. झाकणातील छोटे चुंबक खालच्या बाजूच्या संवेदकाजवळ येते आणि ‘झाकण मिटले’ ही सूचना कर्नलमार्फत सिस्टिम-डीच्या (लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगिन-डी या सेवेकडे जाते. ती सेवा सर्व इच्छुक प्रोग्रामना ‘झोपायची वेळ आली’ असे कळवते आणि आवराआवरीसाठी त्यांना मूळ मांडणीनुसार जास्तीत जास्त ५ सेकंद देते. विंडोजमध्येही अशी सूचना जाते. एक्सपीच्या काळापर्यंत एखादा प्रोग्राम झोपेला नकार देऊ शकत असे, व्हिस्टापासून त्या सूचनेला नकार देण्याची सोय काढून टाकली गेली. यानंतर लिनक्सचा कर्नल डिस्कवर न लिहिलेला मजकूर लिहून घेतो, मग वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया, म्हणजे चालू प्रोग्राम, गोठवतो आणि मग उपकरणांना एकेक करून झोपवतो. इथे आधी मूल आणि मग पालक असा क्रम असतो, म्हणजे यूएसबीवरचा माऊस आधी आणि यूएसबीचा नियंत्रक नंतर, कारण नियंत्रकच आधी झोपला तर माऊसला निरोप कोण देणार? जागे होताना हाच क्रम उलटा चालतो. पुढे एस-३ असेल तर एक सोडून बाकी सर्व प्रोसेसर-गाभे बंद केले जातात आणि सूत्रे फर्मवेअरकडे सोपवली जातात. एस-टू-आयडल असेल तर गाभे चालूच राहतात, फक्त त्यांना खोल विश्रांतीत ठेवून कालगणनेचे ठोके थांबवले जातात.

प्रक्रिया गोठवण्याच्या टप्प्याकडे पिशवीतल्या प्रसंगासाठी विशेष लक्ष द्यावे. यासाठी कर्नल मूळ मांडणीनुसार २० सेकंद थांबतो. तेवढ्यात एखादी प्रक्रिया गोठली नाही, तर झोपेचा पूर्ण प्रयत्न रद्द होतो आणि आधी गोठवलेल्या प्रक्रिया पुन्हा सुरू केल्या जातात. झाकण मिटलेले असल्यामुळे आपल्याला यातले काहीच कळत नाही.

म्हणून आपण दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सिस निर्देशिकेतील पॉवर या उपनिर्देशिकेत ‘मेम-स्लीप’ नावाची फाइल आहे, तिच्यात एस-टू-आयडल आणि डीप हे दोन्ही शब्द आहेत की एकच. दुसरी, एसटीच्या प्रवासाच्या दिवशीची कर्नलची नोंदवही उघडून त्यात ‘गोठवणे अयशस्वी’ या अर्थाची इंग्रजी ओळ आहे का, आणि असल्यास तिच्याखाली कोणत्या प्रक्रियेचे नाव आहे.

मोडीवाचक

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तपासल्या.

मेम-स्लीप फाइलमध्ये ‘एस-टू-आयडल’ हा एकच शब्द आहे, ‘डीप’ नाही. फर्मवेअरच्या मांडणीतही झोपेचा प्रकार निवडण्याचा पर्याय सापडला नाही.

प्रवासाच्या दिवशी सकाळच्या नोंदीत २० सेकंदांनंतर गोठवणे अयशस्वी झाल्याची ओळ खरोखरच आहे आणि तिच्याखाली मी वापरत असलेल्या छायाचित्र-दर्शकाचे नाव आहे. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला आधी महत्त्वाची वाटली नव्हती. दस्तऐवजांची स्कॅन केलेली छायाचित्रे घरातील दुसऱ्या संगणकावर आहेत आणि त्यावरील फोल्डर मी एसएसएच-एफएसच्या (दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर जाळ्यावरून आपल्या संगणकावर दाखवणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने लॅपटॉपला जोडून ठेवतो. निघण्याच्या घाईत मी एक मोठा फोल्डर उघडून लगेच झाकण मिटले होते.

दुरुस्तीमेज यांचे उत्तर

पिशवीतल्या प्रसंगाचा उलगडा आपल्याच शेवटच्या दोन वाक्यांत झाला आहे. एसएसएच-एफएस ही कर्नलच्या आत नसून वापरकर्त्याच्या पातळीवर चालणारी फाइलप्रणाली आहे, म्हणजे फायली आणून देणारी सेवा हीसुद्धा एक साधी प्रक्रियाच असते. कर्नल गोठवायला लागला की कोणती प्रक्रिया आधी गोठेल याचा नेम नसतो. आपल्या बाबतीत फायली पुरवणारी प्रक्रिया आधी गोठली, तिच्याकडे छायाचित्र मागून बसलेला दर्शक उत्तराची वाट पाहत अशा स्थितीत अडकला की त्याला मध्येच थांबवता येत नाही, आणि ते उत्तर तर आता येणारच नव्हते. वीस सेकंद संपले आणि झोप रद्द झाली. ही अडचण लिनक्समध्ये बरीच जुनी आहे आणि तिच्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी तो फोल्डर विलग करणे. लॉगिन-डी झोपेपूर्वी जी सूचना देते, तिला एक छोटी स्क्रिप्ट जोडून हे काम आपोआपही करता येईल. जाळ्यावरचे फोल्डर वापरणाऱ्या प्रत्येकाने ही काळजी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण बंद पिशवीत तापत राहिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फुगलेल्या मी स्वतः हाताळल्या आहेत.

आता रात्रीच्या गळतीकडे येऊ. ‘डीप’ उपलब्ध नाही, तेव्हा एस-टू-आयडलच नीट चालवून घ्यावे लागेल. फर्मवेअरचे तक्ते बदलून एस-३ परत आणण्याच्या युक्त्या आपल्याला वाचायला मिळतील, पण ज्या यंत्रावर उत्पादकाने एस-३ ची चाचणीच घेतलेली नाही, तिथे यंत्र झोपते आणि उठत नाही असा अनुभव येऊ शकतो. आपल्या कामाचे स्वरूप पाहता मी तो धोका पत्करणार नाही.

पॉवर उपनिर्देशिकेतच ‘सस्पेंड-स्टॅट्स’ नावाचा विभाग आहे. नव्या कर्नलमध्ये तिथे हार्डवेअर प्रत्यक्ष किती मायक्रोसेकंद खोल झोपेत होते, हा आकडा मिळतो. दहा मिनिटे झाकण मिटून ठेवा, उघडा आणि तो आकडा पाहा. तो शून्य असेल, तर यंत्र एकदाही तळाच्या पायरीपर्यंत गेलेले नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मग बाहेरून जोडलेली सर्व साधने काढा, पुन्हा दहा मिनिटे झोपवा आणि पुन्हा आकडा पाहा. तरीही शून्य असेल, तर आतल्या उपकरणांपैकी एकेक फर्मवेअरच्या मांडणीतून तात्पुरते बंद करून हीच चाचणी करा. यात एक संध्याकाळ जाईल, पण अंदाजाने दहा आज्ञा चालवण्यापेक्षा ही पद्धत नक्कीच प्रामाणिक आहे. माझा पहिला संशय मेमरी कार्डाच्या रीडरवर, दुसरा एसएसडीवर. ही उपकरणे पीसीआय-एक्सप्रेस या अंतर्गत जोडणीच्या मार्गावर असतात आणि तो मार्ग स्वतः विश्रांतीच्या स्थितीत गेला नाही, तर प्रोसेसरचा पूर्ण संच तळाच्या अवस्थेत जाऊ शकत नाही.

हा धागा वाचणाऱ्या विंडोज वापरकर्त्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञापटल उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि ‘ए’ दिले, तर यंत्रावर कोणत्या झोपा उपलब्ध आहेत ते दिसते. त्याच आज्ञेला ‘स्लीपस्टडी’ हा पर्याय दिला, तर मॉडर्न स्टँडबायच्या प्रत्येक सत्रात किती टक्के वेळ खोल झोपेत गेला आणि कोणत्या उपकरणाने किंवा प्रोग्रामने यंत्र जागे ठेवले, याचा अहवाल मिळतो. ‘लास्टवेक’ हा पर्याय शेवटच्या वेळी कोणी उठवले ते सांगतो. असा तयार अहवाल लिनक्समध्येही मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

तळघर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु एका बाजूकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. झोप कितीही गाढ असली, तरी एस-३ आणि एस-टू-आयडल या दोन्हींमध्ये रॅममधील सर्व काही शाबूत असते आणि त्यात कूटबद्ध डिस्कची किल्लीही येते. वीज तोडल्यानंतरही रॅममधील मजकूर काही सेकंद आणि चिप थंड केल्यास त्याहून बराच काळ टिकतो, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने २००८ साली प्रयोगांनी दाखवून दिले होते. प्रवासात झोपलेला लॅपटॉप चोरीला गेला, तर डिस्क कूटबद्ध असूनही संरक्षण अपुरे पडू शकते. आपल्याकडे इतरांच्या घराण्यांची कागदपत्रे असतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

त्यामुळे तीन तासांच्या प्रवासासाठी मी हायबरनेशन सुचवेन. यात रॅममधील मजकुराची प्रतिमा दाबून डिस्कवरील स्वॅप नावाच्या राखीव जागेत लिहिली जाते आणि यंत्र खरोखर बंद होते. तापणे नाही, गळती नाही, आणि उघडल्यावर दहा-बारा खिडक्या होत्या तशा. स्वॅपचा भाग कूटबद्ध असेल, तर किल्ली उघड्यावर राहण्याचा प्रश्नही मिटतो. सिस्टिम-डीमध्ये ‘आधी झोप, मग हायबरनेट’ असाही एक प्रकार आहे, ज्यात यंत्र ठरलेल्या वेळेनंतर घड्याळाच्या गजराने क्षणभर उठते, प्रतिमा लिहिते आणि बंद होते. मॅकच्या लॅपटॉपमध्ये याच्या जवळची कल्पना २००५ पासून ‘सेफ स्लीप’ या नावाने आहे. तिच्यात झोपतानाच प्रतिमा डिस्कवर लिहून ठेवतात आणि रॅमही जिवंत ठेवतात, म्हणजे बॅटरी पूर्ण संपली तरी काम जात नाही.

मात्र दोन अडथळे आधीच सांगून ठेवतो. सिक्युअर बूट (फक्त अधिकृत स्वाक्षरी असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल, तर लिनक्सच्या अनेक वितरणांमध्ये कर्नलची ‘लॉकडाउन’ व्यवस्था लागू होते आणि ती हायबरनेशनला मनाई करते, कारण डिस्कवर पडून राहिलेल्या प्रतिमेत कोणी फेरफार केला का, हे कर्नलला पडताळता येत नाही. दुसरे म्हणजे, त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर एक प्रणाली हायबरनेट झालेली असताना दुसरीतून तिच्या विभागावर काहीही लिहू नये. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ हे आतून कर्नलपुरते हायबरनेशनच असते, त्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावरही तो विभाग अर्धवट उघडा राहू शकतो. दोन प्रणाली वापरणाऱ्यांनी ते बंद ठेवणे इष्ट.

मोडीवाचक

सर्वांचे पुन्हा आभार. आठवडाभराच्या चाचण्यांचा निकाल लिहितो.

सस्पेंड-स्टॅट्समधील आकडा पहिल्या वेळी शून्यच होता. बाहेरची सर्व साधने काढल्यावरही शून्य. मग फर्मवेअरच्या मांडणीतून मेमरी कार्डाचा रीडर बंद केला आणि दहा मिनिटांच्या झोपेनंतर आकडा जवळजवळ पूर्ण दहा मिनिटांचा आला. त्या रात्री दहा ते सहा या वेळेत बॅटरी ६ टक्क्यांनी उतरली, म्हणजे सरासरी अर्ध्या वॅटहूनही कमी. कॅमेऱ्याच्या कार्डावरून छायाचित्रे घेण्यासाठी आता वेगळा यूएसबी रीडर वापरतो आणि काम झाले की काढून ठेवतो.

घरच्या संगणकावरचा फोल्डर झोपेपूर्वी विलग करणारी स्क्रिप्ट लिहिली आहे. मुद्दाम मोठा फोल्डर उघडून, छायाचित्रे येत असतानाच पाच वेळा झाकण मिटून पाहिले. पाचही वेळा लॅपटॉप झोपला आणि नोंदवहीत गोठवण्याबद्दलची तक्रार नाही.

हायबरनेशन मात्र अजून साधलेले नाही. लॉकडाउनची मनाई माझ्या यंत्रावर लागू आहे आणि सिक्युअर बूट बंद करावे की नाही, याबाबत माझे मन ठरलेले नाही. तळघर यांचा चोरीबद्दलचा मुद्दा मला पूर्णपणे पटला, म्हणून तोपर्यंत पुण्याला निघताना खिडक्यांची यादी टिपून घेतो आणि लॅपटॉप पूर्ण बंद करूनच पिशवीत ठेवतो.